कॉपर, प्लॅस्टिक टाकी की भंगारातला? जुन्या पिकअपच्या रेडिएटरबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१० ची बोलेरो पिकअप, एमएच ०४ पासिंग. पहाटे तुर्भ्याच्या एपीएमसीतून भाजी भरून कासारवडवलीपर्यंत रोजची फेरी, शिवाय महिन्यातून दोनदा भिवंडीच्या गोदामातून माल घेऊन नाशिक. विटाव्याला किंवा माजिवड्याला गर्दीत अडकलं की तापमानाचा काटा चढतो, कसारा घाटातही चढतो, आणि आता रेडिएटरच्या वरच्या काळ्या प्लॅस्टिक टाकीला पाइपाच्या तोंडाशी तडा गेलाय. मेकॅनिकने तीन पर्याय दिलेत: तसाच प्लॅस्टिक टाकी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कोअरचा (मधली ट्यूब-फिनची जाळी) नवा, इथेच बनवलेला चार रोचा, म्हणजे ट्यूबच्या चार ओळींचा कॉपर, नाहीतर भंगारातला 'ओरिजिनल'. जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, चार वर्षांपूर्वीच काढून टाकलाय. दादा, माझ्या दृष्टीने तुमच्या सगळ्या प्रश्नात तेच वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. त्याच्याकडे येतोच.

मी २६ वर्षं ठाण्यात रेडिएटरचंच काम करतोय. वागळे इस्टेटमधल्या एका दुकानात टाकीतलं पाणी बदलणारा पोऱ्या म्हणून लागलो, मग डाग द्यायला, म्हणजे कथील-शिशाने सांधे झाळायला शिकलो, मग स्वतःचं दुकान टाकलं. माझं पोट कॉपरच्या रेडिएटरवर भरलंय. डाग द्या, टाकी उघडा, ट्यूबमधून गज फिरवून रॉडिंग करा, परत झाळून द्या, हाच धंदा. त्यामुळे मी कॉपरच्या बाजूने बोलेन असं तुम्हाला वाटेल. पण तुमच्या गाडीसाठी मी प्लॅस्टिक टाकीवालाच सांगतोय, मात्र काही अटींवर. आणि त्या अटी पाळणार नसाल तर तिन्हीपैकी कुठलाही घ्या, दोन पावसाळ्यांत परत माझ्यासारख्याच कोणाच्या तरी दारात उभे राहाल.

आधी हे बघा की रेडिएटर खरंच दोषी आहे का. टाकी फुटली म्हणजे तो बदलायचा हे ठरलंच. पण गाडी आधीपासून तापत होती आणि टाकी नंतर फुटली, हा क्रम विसरू नका. गर्दीत तापणं आणि घाटात तापणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. गाडी जागेवर उभी असते तेव्हा रेडिएटरमधून हवा ओढायला फक्त फॅन असतो. तेव्हा तापत असेल तर बहुतेकदा फॅन, बेल्ट किंवा फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं, ज्याला आम्ही श्राउड म्हणतो, यात खोट असते. ऐरोलीच्या मोकळ्या रस्त्यावर वारा समोरून येतो आणि काटा खाली बसतो, याचा अर्थ पाणी फिरतंय, हवा कमी पडतेय. उलट भरल्या गाडीने चढावर तापत असेल तर पाण्याचा प्रवाह कमी असतो: ट्यूब चोंदलेल्या, वॉटर बॉडीचे, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाचे पाते झिजलेले, किंवा पाणी रेडिएटरला वळसा घालून जातंय. तुमच्याकडे दोन्ही आहे. म्हणजे नुसता रेडिएटर बदलून दोन्ही जाईल असं धरून चालू नका.

फॅन आधी. तुमच्या गाडीला व्हिस्कस फॅन, म्हणजे मधल्या डब्यात घट्ट तेल असलेला फॅन असेल तर सकाळी थंड इंजिन बंद असताना पातं हाताने फिरवून बघा. थोडं जड जायला हवं. पंख्यासारखं गरगर चार-पाच फेरे फिरलं, किंवा मधल्या डब्यावर तेलाचे ओघळ दिसले, तर तो मेलाय. रस्त्यात काही जण त्याला स्क्रू मारून जाम करतात. घरी पोचायला ठीक, पण तसाच ठेवला तर डिझेलही खातो आणि वॉटर बॉडीचं बेअरिंगही. श्राउडचा तुकडा तुटलेला असेल तर फॅन पुढून हवा ओढण्याऐवजी इंजिनाचीच गरम हवा घुसळत बसतो. एवढ्याशा प्लॅस्टिकसाठी लोक पैसे वाचवतात आणि मग चार रोचा रेडिएटर मागायला येतात.

आता थर्मोस्टॅट. आपल्याकडे एक समज पक्का बसलाय की मुंबई-ठाण्यात उकाडाच आहे, मग थर्मोस्टॅट कशाला, काढून टाका, पाणी मोकळं फिरेल. थर्मोस्टॅटचं काम फक्त गाडी लवकर गरम करणं एवढंच नाही. बऱ्याच इंजिनांना एक बायपासची वाट असते. इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडे न जाता त्या वाटेने परत इंजिनात जातं. गाडी तापली की थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याचाच खालचा भाग बायपासचं तोंड बंद करतो. तुम्ही थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. पाण्याला आखूड आणि सोपी वाट मिळते, त्यामुळे बरंचसं पाणी रेडिएटरमध्ये जातच नाही. सपाटीवर कळत नाही. उलट इंजिन नीट तापतच नाही, डिझेल जास्त लागतं. घाटात मात्र भरल्या गाडीला गाठतं. म्हणून नव्या रेडिएटरबरोबर नवा थर्मोस्टॅट बसवा, ही माझी पहिली अट. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडून बघा. त्याच्यावर जे टेम्परेचर कोरलेलं असतं, समजा ८२, तिथे उघडायला लागून पुढच्या दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. स्वयंपाकघरातलं पातेलं वापरू नका, घरात भांडण होईल.

तिसरी तपासणी नवा रेडिएटर आणायच्या आधीच करा, नाहीतर पैसे पाण्यात. थंड गाडी चालू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज पाइप दाबला न जाण्याइतका कडक होतो का? रेडिएटरची कॅप काढून थंड इंजिन चालू केलं तर तोंडाशी एकसारखे बुडबुडे येतात का? तसं असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सील, फुंकतंय. जळलेला गॅस पाण्यात शिरतोय आणि त्याच दाबाने तुमची टाकी फुटली असेल. अशा गाडीला कुठल्याही कंपनीचा रेडिएटर बसवा, तोही फुटेल.

टाकी पाइपाच्या तोंडाशीच का तडकली याची अजूनही दोन कारणं असतात. एक म्हणजे वय. ही टाकी काचेचे तंतू घातलेल्या नायलॉनची असते. इंजिनातून येणारं सगळ्यात गरम पाणी वरच्या तोंडाशी आदळतं, तिथला काळा रंग आधी तपकिरी होतो, मग प्लॅस्टिक बिस्किटासारखं ठिसूळ होतं. दुसरं कारण कोणी बघत नाही: इंजिन फाउंडेशन, म्हणजे इंजिनाखालचे रबराचे माउंटिंग. ते बसले की गिअर टाकताना, ब्रेक मारताना इंजिन पुढे-मागे हेलकावतं आणि होज पाइप टाकीचं तोंड ओढत राहतो. मी स्वतः एकदा यात फसलोय. एका टेम्पोला नवाकोरा कॉपर बसवून दिला, फाउंडेशन बघितलं नाही. गायमुखच्या उतारावर गिऱ्हाइकाने जोरात ब्रेक मारला, इंजिन पुढे सरकलं आणि फॅनने रेडिएटरच्या मधोमध गोल वर्तुळ कापलं. चपातीला वाटी दाबून कापतात तसं! पैसे मी भरले. तेव्हापासून फॅन आणि कोअर यांच्यात दोन बोटांचं अंतर आहे की नाही हे मी इंजिन हलवून बघतो.

आता तुमच्या तीन पर्यायांकडे येऊ.

भंगारातला आधीच बाद करा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणा नाहीतर कळंबोलीहून, त्या रेडिएटरने आधी कुठलं पाणी प्यायलंय हे त्याच्याकडे बघून कळत नाही. बाहेरून ब्रश मारून काळा रंग फवारला की फिन, म्हणजे ट्यूबमधल्या पातळ पट्ट्या, नव्यासारख्या दिसतात. शिवाय प्लॅस्टिक टाकीचं वय झालेलंच असतं. तुमची फुटली, तीही त्याच वयाची होती.

चार रोचा कॉपर. यात मोह असा की चार म्हणजे तीनपेक्षा चांगला आणि तांबं म्हणजे अ‍ॅल्युमिनियमपेक्षा चांगलं. तांबं उष्णता अ‍ॅल्युमिनियमपेक्षा दीडपटीहून जास्त चांगली वाहून नेतं, हे खरं. पण कॉपर रेडिएटर अख्खा तांब्याचा नसतोच. फिन तांब्याच्या, पण ट्यूब पितळेच्या, आणि पितळ तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उष्णता नेतं. वर फिन आणि ट्यूब यांना जोडणारा कथील-शिशाचा डाग, तो त्याहून आळशी. वर्षानुवर्षं गाडी हादरली आणि आतबाहेर खार धरला की तो डाग सुटतो. मग ट्यूब गरम असते, फिन गार असते, आणि बाहेरून सगळं जागच्या जागी दिसतं. अ‍ॅल्युमिनियमच्या कोअरमध्ये ट्यूब आणि फिन भट्टीत एकाच धातूत जोडलेल्या असतात, त्यात हा सांधा नाही. आणि अ‍ॅल्युमिनियमची ट्यूब रुंद करता येते. एक इंच रुंदीच्या दोन रो आणि अर्ध्या इंचाच्या चार रो यांत पाणी आणि धातूचा संबंध जवळपास सारखाच येतो. त्यामुळे नुसत्या रो मोजून काहीच ठरत नाही.

जाड कोअरचा आणखी एक तोटा आहे. पहिल्या रोमधून हवा जाते तेव्हा ती गार असते, चौथीपर्यंत पोचेपर्यंत ती आधीच तापलेली असते. आणि जाड कोअरमधून हवा ओढायला फॅनला जास्त जोर लागतो. तुमचा फॅन आधीच कमी पडतोय. विटाव्याच्या गर्दीत उभ्या गाडीला चार रोचा उपयोग होण्यापेक्षा अडथळाच व्हायचा. फिनही फार दाट नकोत. घोडबंदरला मेट्रो ४ च्या कामाची धूळ किती वर्षं खाल्लीय आपण सगळ्यांनी, आणि तुमच्या गाडीत तर कांद्याच्या पाती आणि कोबीचा पाला उडतो. दाट फिनमध्ये हे सगळं नमद्यासारखं बसतं. महिन्यातून एकदा पाण्याची साधी धार आतून बाहेर, म्हणजे इंजिनाच्या बाजूने पुढे मारा. सर्व्हिस सेंटरची प्रेशर गन जवळून मारली तर फिन आडव्या होतात आणि मग हवेची वाटच बंद.

मग कॉपर कोणी घ्यावा? ज्याची गाडी आडगावात फिरते, जिथे फुटला तर डाग देणारा मिळेल पण नवा रेडिएटर दोन दिवस मिळणार नाही. ज्याच्याकडे मूळ पितळी टाक्या चांगल्या आहेत आणि फक्त कोअर बदलायचाय, त्यानेही घ्यावा. ते काम आजही उत्तम होतं. आणि तिसरा म्हणजे ज्याचा ड्रायव्हर काही केल्या ऐकत नाही आणि दिसेल त्या नळाचं, बोअरचं पाणी ओतत राहतो. कॉपर चोंदला तर टाकी उघडून रॉडिंग करता येतं. अ‍ॅल्युमिनियमच्या ट्यूबमध्ये गज घालायचा नसतो. तो चोंदला की फेकायचा. एक खंत सांगतो: चांगला डाग देणारी माणसं आता ठाण्यात कमी झालीत, माझ्या दुकानात शिकलेली दोन पोरं आता मोबाइल दुरुस्त करतात.

तुम्ही ठाणे-वाशी पट्ट्यात फिरता. इथे पार्ट तासाभरात मिळतो. म्हणून तुमच्यासाठी अ‍ॅल्युमिनियम कोअर, प्लॅस्टिक टाकीवाला. कंपनीच्या पार्ट काउंटरवरून घ्या किंवा रेडिएटर बनवण्यात नाव असलेल्यांचा घ्या, जसे बडोद्याची बँको किंवा पुण्याची टाटा टोयो. पण आपल्या गाडीला तंतोतंत बसणारा पार्ट नंबर मागा. नुसतं 'बोलेरो पिकअप २०१०' सांगू नका, चासी नंबर द्या. पासिंगचं वर्ष आणि गाडी बनल्याचं वर्ष वेगळं असू शकतं, एसी आणि बिनएसीचा कोअर वेगळा असू शकतो, इंजिन बदललेलं असेल तर सगळंच वेगळं. जुना रेडिएटर काढून बरोबरच घेऊन जा आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवा. कोअरची उंची, रुंदी, जाडी टेपने मोजा, होजची तोंडं कुठल्या बाजूला आणि किती जाड ते बघा, खालच्या खुंट्या आणि ओव्हरफ्लोची निप्पल जुळते का बघा. 'थोडा फरक आहे, ब्रॅकेट वाकवून बसेल' असं कोणी म्हणालं तर उठून या. ताणून बसवलेली प्लॅस्टिक टाकी खड्ड्यात तडकते, आणि खड्डे शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. डुप्लिकेट ओळखायचा असेल तर टाकीच्या कडेला अ‍ॅल्युमिनियमची जी दातेरी पट्टी दुमडलेली असते ती न्याहाळा. दात एकसारखे, एका खोलीवर बसलेले हवेत. कुठे उंच कुठे खाली असेल तर आतली रबरी सील पहिल्याच घाटात पाणी सोडेल.

गाडी तुम्ही किती वर्षं ठेवणार, तेही मनात धरा. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी फिटनेसला उभं राहावं लागतं. दोन-तीन वर्षंच चालवायची असेल तर संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा, वेल्डिंग केलेला महाग रेडिएटर बनवून घेण्यात अर्थ नाही. तो दिसतो झकास, पण सगळं वेल्डरच्या हातावर अवलंबून.

आता बसवण्याबद्दल. जुन्या रेडिएटरची खरी मारेकरी म्हणजे पाणी आणि कॅप, आणि दोन्ही स्वस्त आहेत म्हणून दुर्लक्षित. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये इतक्या वर्षांचा लाल गाळ बसलेला असतो. तो न काढता नवा रेडिएटर लावला तर पहिल्या आठवड्यातच तो गाळ नव्या बारीक ट्यूबमध्ये जाऊन बसतो. ब्लॉकचा ड्रेन प्लग उघडून, थर्मोस्टॅट नसताना, नळाच्या साध्या दाबाने उलट्या बाजूने पाणी सोडा, स्वच्छ येईपर्यंत. दोन्ही होज आणि क्लिपा बदला. खालच्या होजमध्ये स्प्रिंग असेल तर ती परत घाला. वॉटर बॉडी पाणी ओढताना स्प्रिंग नसलेला मऊ पाइप चपटा होतो, आणि घाटात तापण्याचं हेही एक लपलेलं कारण.

कॅप नवी, आणि जुन्या कॅपवर जो आकडा आहे तोच. समजा ०.९ (बार) असेल, म्हणजे साधारण १३ पौंड, तर त्या दाबाखाली साधं पाणी १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. कॅपचं रबर गेलं की हा सगळा आधार जातो, आणि इगतपुरीच्या उंचीवर तर पाणी ९८ लाच उकळायला लागतं. पण पाणी बाहेर येतं म्हणून जास्त आकड्याची कॅप लावणं हा त्याहून मोठा मूर्खपणा. पाणी बाहेर येणं थांबतं, आणि टाकी फुटते.

कूलंट. 'इथे बर्फ कुठे पडतो, कूलंट कशाला?' हे मी रोज ऐकतो. कूलंट इथे पाणी गोठू नये म्हणून नाही, गंज थांबवायला लागतं. इंजिन लोखंडी, कोअर अ‍ॅल्युमिनियमचा, मध्ये क्षाराचं पाणी, म्हणजे बॅटरीच तयार झाली. अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड वॉटर घाला, किंवा तयार मिश्रण मिळतं ते. निव्वळ कूलंट घातलं की जास्त थंड राहील असं नाही, उलट साधं पाणी त्याच्यापेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं. हिरवं आणि नारिंगी मिसळू नका. टँकरचं किंवा बोअरचं पाणी अजिबात नको. गाडीत दोन लिटरची मिश्रणाची बाटली कायम ठेवा, म्हणजे ड्रायव्हरला नळ शोधावा लागणार नाही. बाहेरून लावलेला हॉर्न, दिवे, म्युझिक यांची अर्थिंगही बघून घ्या. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी कूलंटमध्ये धरून सगळे दिवे लावा. ०.३ व्होल्टच्या वर दाखवलं तर कुठली तरी अर्थ कूलंटमधून वाहतेय, आणि ती नवा अ‍ॅल्युमिनियम कोअर आतून टाचणीने टोचल्यासारखा खाते.

भरताना घाई नको. हळूहळू ओता, हीटर असेल तर त्याचा कॉक उघडा, कॅप न लावता इंजिन चालू ठेवा. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होज एकदम गरम होतो आणि पातळी खाली जाते. तेव्हा परत भरून कॅप लावा. दुसऱ्या दिवशी पहाटे एपीएमसीला निघण्याआधी थंड गाडीची पातळी परत बघा, हमखास थोडी उतरलेली असते. आणि गरम गाडीची कॅप उघडायची नाही, हे ड्रायव्हरला शपथेवर सांगा. माझ्याकडे एका पोराची छाती भाजलेली मी पाहिलीय, फडकं होतं त्याच्या हातात.

शेवटी तुम्ही विचारलंय, नवा येईपर्यंत तड्याला एम-सील लावून चालवू का. थंड करून, तडा घासून कोरडा करून लावलात तर तुर्भ्याची फेरी होईल, कॅप एक खाच सैल ठेवा म्हणजे दाब चढणार नाही, वाटेत दोनदा थांबून, गाडी थंड होऊ देऊन पाणी बघा. भिवंडीचा माल मात्र या आठवड्यात दुसऱ्या गाडीने पाठवा. आणि नवा बसवला की जुना मेकॅनिककडे सोडून येऊ नका. प्लॅस्टिकच्या टाक्या उचकटून फक्त अ‍ॅल्युमिनियमचा कोअर भंगारवाल्याकडे वजनावर द्या. थर्मोस्टॅटचे पैसे त्यातून निघावेत.